शाळेखालची जमीन



गेल्या जून महिन्यात पहिल्याच मोठ्या पावसात आपल्या जुन्या इमारतीच्या पडवीची सात-आठ कौले खाली आली. शाळा सुटलेली होती, कुणाला लागले नाही. दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गावर माझा नागरिकशास्त्राचा तास होता. मुलांचे लक्ष पुस्तकात नव्हते, खिडकीबाहेरच्या कौलांच्या तुकड्यांकडे होते. एका मुलीने हात वर करून विचारले, "टीचर, सरकार हळर्ण्याचा किल्ला दुरुस्त करते, नार्व्याचे देऊळ दुरुस्त करते. मग आमची शाळा का नाही करत?"

"अर्ज केला की करतील," असे उत्तर माझ्या तोंडावर आले होते. पण ते खरे नव्हते. अर्ज आपण केला होता. तो परतही आला होता, आणि त्यावर एका ओळीचा शेरा होता : जमिनीच्या मालकीचा पुरावा जोडावा. तो पुरावा आपल्याकडे नाही. म्हणून त्या दिवशी मी मुलीला सांगितले की उत्तर लिहून देईन. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे. थोडे लांबले आहे, पण पालकांनी आणि विश्वस्तांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आधी किल्ल्याचे आणि देवळाचे पाहू. गोव्यात प्राचीन वास्तूंविषयीचा कायदा १९७८ सालचा आहे. त्याखाली राज्य सरकारने ५१ वास्तू संरक्षित म्हणून जाहीर केल्या आहेत. पेडणे तालुक्यातला हळर्ण्याचा किल्ला त्यात आहे, डिचोलीची नमाजगाह आहे आणि नार्व्याचे श्री सप्तकोटेश्वराचे देऊळही आहे. दिवाडी बेटावरचे मूळ देऊळ पाडले गेल्यावर देव नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आपल्या काळातली दुरुस्ती राज्याच्या पुराभिलेख व पुरातत्त्व खात्याने केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. म्हणजे सरकारचा पैसा जुन्या वास्तूंना मिळतो, हे खरे आहे. पण त्या यादीत नाव असावे लागते आणि त्या यादीतली बहुतेक नावे देवळे, चर्च, किल्ले, लेणी अशी आहेत. चार चिरेबंदी भिंती, मंगळुरी कौले आणि एक घंटा, एवढाच ज्यांचा थाट आहे अशा शाळा इतिहास या शब्दात कुणी धरत नाही.

आणि धरल्या तरी अडचण आहेच. संरक्षित वास्तूत खिळा ठोकायलाही परवानगी लागते. जिथे रोज मुले धावतात, जिथे फळा बदलावा लागतो, स्वच्छतागृह वाढवावे लागते, तिथे ते नियम पाळून शाळा चालवणे कठीण जाईल. त्यामुळे यादीत नाव घालून घेण्याच्या मागे आपण लागावे, असे मला वाटत नाही. आपल्याला वेगळा रस्ता शोधला पाहिजे.

अग्रशाळा, सोपा आणि तोंडी शब्द

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. गोव्यात शिकवायला आल्यावर 'अग्रशाळा' हा शब्द मी प्रथम ऐकला, तेव्हा ही गावातली सर्वांत पुढची, नामांकित शाळा असावी अशी माझी समजूत झाली. पुढे कळले की देवळाच्या आवारात महाजन आणि यात्रेकरू यांच्या उतरण्यासाठी बांधलेल्या खोल्यांना अग्रशाळा म्हणतात. पण माझी चूक अगदीच चूक नव्हती. गोव्यात कितीतरी गावांत मराठीची पहिली शाळा खरोखरच अग्रशाळेत भरत होती. नाहीतर एखाद्या भाटकाराच्या घराच्या सोप्यावर. पंतोजी गावाबाहेरून यायचे, कुणाच्या तरी घरी जेवायचे, आणि मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवायची.

डिचोली आणि सत्तरी हे भाग पोर्तुगीजांकडे १७८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गेले, पेडणे १७८८ साली. म्हणून यांना नव्या काबिजादी म्हणतात. तिसवाडी, बार्देश, सासष्टी इथे आधीच्या दोन शतकांत जे घडले ते इथे त्या प्रमाणात घडले नाही. देवळे राहिली, कीर्तन राहिले, पोथ्या राहिल्या आणि त्याबरोबर मोडी-बाळबोध शिकवणारा पंतोजीही राहिला. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान नागरी हक्क मिळाले, आणि गावोगावी शाळा व वाचनालये काढण्याला जोर आला. त्याच्या थोडे आधीच, १९०८ मध्ये, पणजीला मुष्टिफंड संस्था सुरू झाली होती. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

या काळातल्या शाळांचा एक विशेष लक्षात ठेवा. त्या बांधल्या लोकांनी, शिकवले लोकांच्या पैशावर, पण जमीन मात्र दुसऱ्याची असायची. कधी देवस्थानची, कधी कोमुनिदादची, कधी भाटकाराची. कागद झालेच तर पोर्तुगीज भाषेत नोटरीसमोर व्हायचे. बहुतेक वेळा तेही होत नव्हते. "हांगा शाळा बांदात" असे भाटकाराने म्हटले की पुरे. त्याचा शब्द मोडेल असे कुणाला वाटत नव्हते आणि त्याने तो मोडलाही नाही. पण माणूस जातो, आणि तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातो.

मुक्तीनंतर चित्र बदलले. भाऊसाहेब बांदोडकर १९६३ च्या डिसेंबरमध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारने खेड्यापाड्यांत सरकारी प्राथमिक शाळा उघडल्या. जागा नसेल तिथे याच जुन्या खोल्या, हेच सोपे कामाला आले. आज त्यांतल्या कितीतरी सरकारी शाळा मुलांअभावी बंद झाल्या आहेत. काही इमारतींत अंगणवाडी बसते, काहींना फक्त कुलूप आहे. ज्या खाजगी संस्थांच्या शाळा टिकल्या, त्यांत आपली एक आहे.

एक-चौदाचा उतारा कसा वाचावा

आता हा भाग विद्यार्थ्यांनी पेन्सिल घेऊन वाचावा. गोव्यात गावातल्या प्रत्येक जमिनीचा सर्व्हे नंबर आणि उपविभाग असतो. १९६८ च्या जमीन महसूल कायद्यानंतर, मुख्यतः सत्तरच्या दशकात, ही मोजणी झाली. त्या जमिनीची माहिती ज्या कागदावर असते त्याला आपण 'एक-चौदा' म्हणतो, कारण त्यात नमुना १ आणि नमुना १४ एकत्र छापलेले असतात. महाराष्ट्रात तुमचे मामा-मावशी ज्याला सातबारा म्हणतात, त्याचा हा गोव्यातला भाऊ.

त्यात कब्जेदाराचा रकाना असतो, कुळाचा असतो, आणि 'इतर हक्क' असा एक असतो. जमिनीत कुणाचे घर असेल, वाट असेल, विहीर असेल तर ते या शेवटच्या रकान्यात येते. मोजणी करणारे आले तेव्हा ज्याने घरी राहून कागद दाखवले, त्याचे नाव लागले. जो मुंबईला नोकरीला होता त्याचे राहून गेले. शाळा तर कुणाचेच घर नव्हे. तिच्यातर्फे कोण उभे राहणार? त्यामुळे अनेक जुन्या शाळांची नोंद 'इतर हक्क' मध्ये एका ओळीत उरकली आहे, तर काहींची मुळीच नाही.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. एक-चौदा हा मालकीचा दाखला नाही. पण त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. मालकी सिद्ध करायला जुने पोर्तुगीज नोंदणीचे उतारे, नोटरीसमोरचे दस्त, वारसांच्या वाटणीचा कागद, असे सारे लागते. आणि गोव्यात विवाहित जोडप्याची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची मिळून समजली जाते, मुलगे आणि मुली यांचा वारसा सारखा असतो. फार चांगला कायदा आहे तो. पण त्याचा अर्थ असा की शंभर वर्षांपूर्वी एका भाटकाराने शाळेला दिलेल्या जागेवर आज त्याच्या सगळ्या नातवंडा-पतवंडांचा आणि त्यांच्या नवरा-बायकांचा वाटा येतो. एक पेडण्यात, दोन मुंबईला, एक बेळगावला, कुणी पोर्तुगालला. सगळ्यांच्या सह्या मिळाल्याशिवाय कागद पुरा होत नाही.

आपल्या शाळेचे नेमके हेच आहे. जुनी इमारत आणि पुढचे अंगण ज्या उपविभागात येते, त्याच्या कब्जेदाराच्या रकान्यात एका दिवंगत गृहस्थांचे नाव आहे, आणि 'इतर हक्क' खाली 'शाळेची इमारत' एवढेच दोन शब्द आहेत. आमच्या कपाटात घरपट्टीच्या पावत्या आहेत, दुरुस्तीच्या वहीतल्या नोंदी आहेत, पण जमीन दिल्याचा कागद नाही.

काही पालक म्हणाले, इतकी वर्षे आपला कब्जा आहे, कोर्टात जाऊन मालकी मागू. मी वकिलांशी बोलले. परवानगीने मिळालेला ताबा कितीही जुना झाला तरी केवळ वर्षे मोजून त्याची मालकी होत नाही. आणि मला स्वतःला ते शोभणारेही वाटत नाही. ज्यांच्या आजोबांनी जागा दिली त्यांच्यावरच शाळेने दावा लावायचा?

देवस्थानच्या जागेतल्या शाळांची गोष्ट निराळी असते. तिथे महाजन मंडळी कितीही अनुकूल असली तरी देवस्थानची जमीन त्यांना परस्पर देऊन टाकता येत नाही. १९३३ च्या देवस्थान नियमावलीखाली सरकारी मंजुरी लागते. मये गावातल्या लोकांना तर हा विषय शिकवायलाच नको. तिथली मालमत्ता मुक्तीनंतर 'स्थलांतरितांची मालमत्ता' ठरून सरकारी ताब्यात गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना स्वतःच्या घराखालच्या जमिनीचा कागद मिळण्यासाठी २०१४ च्या कायद्यापर्यंत थांबावे लागले.

भिडेवाड्यात काय झाले

पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही हे वाचले आहे. आपल्या देशात यापेक्षा मोठी शाळा-वास्तू दाखवणे कठीण आहे.

वाडा खाजगी होता. पुढे त्यात दुकाने आली, भाडेकरू आले. पुणे महानगरपालिकेने राष्ट्रीय स्मारकासाठी ती जागा ताब्यात घेण्याचा ठराव २००६ साली केला. मग मोबदला, भाडेकरूंचे हक्क, कोर्ट. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पालिकेच्या बाजूने लागला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो कायम ठेवला. ठराव झाल्यापासून सतरा वर्षे गेली. तेवढ्या काळात वाडा दर पावसाळ्यात थोडा थोडा खचत होता. दुरुस्ती कोण करणार? मालक म्हणणार, जागा तर तुम्ही घेणार आहात. पालिका म्हणणार, जागा अजून आमची नाही. शेवटी जागा ताब्यात आली तेव्हा वाडा धोकादायक झालेला होता, आणि डिसेंबर २०२३ च्या सुरुवातीला एका रात्रीत तो उतरवला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या स्मारकाची पायाभरणी झाली.

जागा वाचली, हे लहान काम नव्हे. सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक हितासाठी जमीन घेण्याचे हे चांगले उदाहरण आहे आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला त्यांचे उपकार आहेत. पण ज्या जिन्यावरून त्या पहिल्या मुली वर गेल्या तो जिना आता नाही.

याच्याशेजारी साताऱ्याचे उदाहरण ठेवून पाहा. १९०० साली ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकरांचा प्रवेश झाला. ती शाळा राजवाड्यात भरत होती. तिथल्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा' हे नाव आजही वाचता येते. महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला, तो त्या एका नोंदीच्या आधाराने. शाळा सरकारी होती, रजिस्टर कुणी रद्दीत घातले नाही. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्याही कपाटात जुनी रजिस्टरे आहेत आणि गेल्या पावसाळ्यात त्यातली दोन ओली झाली.

पैसा कुठून येतो

आता मुष्टिफंड. गृहिणीने रोज भात रांधण्यापूर्वी एक मूठ तांदूळ वेगळा काढायचा, तो गोळा करून विकायचा आणि त्या पैशावर शाळा चालवायची, ही ती कल्पना. संस्थेच्या नावातच ती आहे. सातवीच्या मुलांनी हिशेब करावा : एक मूठ म्हणजे साधारण ५० ग्रॅम धरा. गावात १०० घरे. महिना ३० दिवसांचा. किती तांदूळ जमला? दीडशे किलो. किलोला ४० रुपये धरले तर महिन्याला सहा हजार. आज त्यात एका शिक्षकाचा पगार होणार नाही, पण वर्षाला बहात्तर हजार होतात, आणि आपल्या इमारतीची कौले चाळून, सडलेल्या रिपा बदलून घ्यायला दरवर्षी याहून कमी लागते.

आता जरा लांबचे. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स नावाचे राज्य आहे. तिथे २००० साली एक कायदा झाला. गावाने मतदान करून ठरवायचे, की आपण घरपट्टीवर थोडी जादा पट्टी द्यायची, जास्तीत जास्त ३ टक्के. तो पैसा गावाच्याच फंडात राहतो. त्यातला किमान दहावा हिस्सा मोकळ्या जमिनी राखायला, दहावा जुन्या वास्तूंना आणि दहावा परवडणाऱ्या घरांना गेलाच पाहिजे. उरलेल्याचे गाव ठरवते. राज्य सरकार त्यात भर घालते, आणि ती भर येते जमिनीच्या दस्तांच्या नोंदणी शुल्कातून. तिथल्या ३५१ गावा-शहरांपैकी निम्म्याहून अधिकांनी हा कायदा स्वीकारला आहे. जुन्या एकखोली शाळा, वाचनालये, सभागृहे यांची दुरुस्ती अशा पैशातून होते. वाचताना मला सारखे वाटत होते, हा तर कायद्यात बसवलेला मुष्टिफंड.

एक अट मात्र आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या फंडातून जागा विकत घेतली तर तिच्या दस्तात कायमचे बंधन लिहावे लागते : ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला ती राहील. गावात उद्या नवी मंडळी निवडून आली, जमिनीचा भाव दहापट झाला, तरी ते बंधन सुटत नाही. अमेरिकेचा एक मोठा राष्ट्रीय फंडही आहे, १९६५ पासूनचा. समुद्रात काढलेल्या तेल आणि वायूच्या उत्पन्नातून तो भरतो, वर्षाला नव्वद कोटी डॉलर. जमिनीखालची एक संपत्ती कायमची संपते, तर तिच्या बदल्यात जमिनीवरची काहीतरी कायमची राखा, असा विचार त्यामागे आहे. त्यातून राज्यांना मदत मिळालेल्या जागाही लोकांच्या मोकळ्या वापरासाठी कायम बांधलेल्या राहतात. त्या पैशातून शाळेचे छप्पर होत नाही, पण शाळेसमोरचे मैदान वाचू शकते.

डिचोलीच्या मुलांना हे ऐकून काही आठवले पाहिजे. आपल्या तालुक्यातून किती वर्षे खनिज बाहेर गेले! सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये गोव्याच्या खाणींविषयीच्या निकालात सांगितले की विकलेल्या खनिजाच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी फंडात ठेवावी, पुढच्या पिढ्यांसाठी. त्याखेरीज २०१५ च्या केंद्रीय कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज फाउंडेशन आले. खाणींमुळे ज्यांच्या गावांना झळ बसली तिथे तो पैसा खर्च व्हायचा असतो, आणि पिण्याचे पाणी, आरोग्य यांच्याबरोबर शिक्षणही त्याच्या अग्रक्रमाच्या यादीत आहे. म्हणजे डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या जुन्या शाळेला दाद मागायला एक दार तरी आहे.

पेडण्याला खाणींचा पैसा नाही. पेडण्याला मोपाचा विमानतळ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली, आणि जमिनीचे भाव कुठे गेले ते पालकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आज नोंदणी कार्यालयात रोज खरेदीखते होतात. त्या शुल्कातला एक दाणा मॅसेच्युसेट्सप्रमाणे गावच्या जुन्या वास्तूंकडे वळवला असता तर, असे मनात येते. गोव्यात तसा कायदा नाही. आमदारांनी हा विषय विधानसभेत मांडावा म्हणून विद्यार्थ्यांनी पत्र लिहिले तर मी ते स्वतः नेऊन देईन.

पण खाणीचा पैसा असो, आमदार-खासदारांचा निधी असो किंवा दात्याची देणगी असो, पहिला प्रश्न तोच येतो : जमीन कुणाची? दुसऱ्याच्या जमिनीवर सार्वजनिक पैसा खर्च करता येत नाही. आणि हे बरोबरच आहे. नाहीतर लोकांच्या पैशाने छप्पर घालावे आणि चार वर्षांनी मालकाने जागा विकावी, असे होईल.

विश्वस्तांपुढे

विश्वस्त मंडळापुढे सध्या एक प्रस्ताव आहे : जुनी इमारत उतरवून तिथे तीन मजली काँक्रीटची बांधावी. त्यामागची कळकळ मला कळते. वर्ग कमी पडतात, पावसाळ्यात आम्हीच बादल्या ठेवतो. तरीही माझे मत निराळे आहे आणि ते मी इथे उघडपणे मांडते.

पाडायची घाई करू नये. ज्या जमिनीचा कागद नाही तिथे नव्या बांधकामाला परवानाही सहज मिळणार नाही; जुनी इमारत मात्र तोवर गेलेली असेल. मग 'इतर हक्क' मधले ते दोन शब्दही कशाच्या आधारावर उभे राहतील? आज शाळेचा हक्क दाखवणारी सर्वांत भक्कम गोष्ट म्हणजे ती इमारतच आहे.

इमारत मोडकळीला आलेली नाही. चिऱ्याच्या भिंती पाऊण हात जाड आहेत. खराब झाले आहे ते आपणच केलेले काम : काही वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. चिरा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते करू देतो, सिमेंट देत नाही. पाणी आत अडकले, चिरा भुसभुशीत झाला, आणि त्या भिंतीवर टेकलेल्या तुळईला वाळवी लागली. तो गिलावा खरवडून चुन्याचा करणे, एक तुळई बदलणे, रिपा आणि कौले, एवढे काम आहे. नवे वर्ग मागच्या बाजूला, जिथला कागद संस्थेच्या नावावर आहे, तिथे बांधता येतील.

आणि त्याआधी वारसांकडे जायचे. दाव्याची नोटीस घेऊन नाही, नारळ घेऊन. त्यांतल्या तिघांशी माझे फोनवर बोलणे झाले आहे. एक ताई म्हणाल्या, "आमच्या आजोबांची शाळा आहे ती, आम्ही कशाला अडवू?" दुसऱ्या एका गृहस्थांनी स्पष्टच विचारले की आज बक्षीसपत्र करून दिले आणि उद्या तुमच्या मंडळाने ती जागा बिल्डरला विकली तर? प्रश्न मला झोंबला, पण योग्य होता. त्याचे उत्तर दस्तातच देता येईल : ही जमीन शिक्षणाखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, आणि शाळा कधी बंद पडलीच तर ती गावच्या वाचनालयाकडे जाईल. असे बंधन आपल्यालाही बांधते, पुढच्या विश्वस्तांनाही बांधते. मंडळातल्या काहींना ते नको आहे, असे मला सांगण्यात आले. पुढच्या बैठकीत यावर मोकळेपणाने बोलूया. बक्षीसपत्र जमलेच नाही तर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, तेही नाही तर वर्गणीतून खरेदी, असे मार्ग आहेत. सरकारने सार्वजनिक कामासाठी जागा संपादन करावी हा शेवटचा. भिडेवाड्याला त्यात सतरा वर्षे लागली आणि आपल्या तुळईकडे तेवढा वेळ नाही.

आठवीचा वर्ग येत्या महिन्यात वर्गशिक्षकांबरोबर मामलेदार कार्यालयात जाईल. तिथे एक-चौदाचा उतारा कसा मागायचा, त्यात फेरफार कसा होतो, हे मुले प्रत्यक्ष पाहतील. ज्यांना आपल्या घराचा उतारा सोबत आणायचा आहे त्यांनी पालकांना विचारूनच आणावा.

पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आजोबा-आजींच्या पेट्यांत शाळेसंबंधी काही असेल, जुन्या वर्गणीची पावती, बांधकामाच्या वेळचा फोटो, पोर्तुगीज मोहोर असलेला एखादा कागद, वाचता येत नसला तरी, तो कार्यालयात दाखवायला आणावा. सोमवार ते शुक्रवार दुपारी दीड ते तीन मी असते. झेरॉक्स काढून मूळ कागद तुमच्यासमोरच परत देऊ.